उंबरठ्याशी थांबलेला प्रश्न

समाजशास्त्रीय संशोधनाने समाजाचे प्रश्न सुटतात काय, अशी शंका पुष्कळदा घेतली जाते. जे सर्वांना ठाऊकच आहे, ते आकड्यांत मांडून काय साधणार? आम्हां बडोदेकर मराठी कुटुंबांना या शंकेचे उत्तर दूर शोधावयास नको.

सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, हे आम्ही अभिमानाने सांगतो. परंतु १९१७ साली ते संस्थानच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा या शहरात त्यांना राहावयास जागा मिळू शकली नाही, हे सांगताना आमचा आवाज खाली येतो. राजाची इच्छा होती, अधिकारपद होते. अडले ते घरांच्या उंबरठ्याशी.

१९५० साली अमलात आलेल्या संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली. मग ती उरली कोठे? येथील विद्यापीठात अध्यापन केलेले समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी गुजरातच्या खेड्यांत जाऊन याचा शोध घेतला. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात सार्वजनिक आणि खाजगी क्षेत्र असा भेद केलेला आहे. शाळा, टपाल अशा शासकीय व्यवहारांत अस्पृश्यता ओसरलेली, तर घर आणि मंदिर येथे टिकलेली त्यांना आढळली. कायदा कोठवर पोहोचला आणि कोठे थांबला, हे त्यामुळे नेमके कळले.

२०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात प्रथम विचारले गेले, ‘आपल्या घरी कोणी अस्पृश्यता पाळते काय?’ ज्यांनी ‘नाही’ म्हटले, त्यांना पुढे विचारले, ‘दलित व्यक्ती आपल्या स्वयंपाकघरात आली वा तिने आपली भांडी वापरली, तर चालेल काय?’ दोन्ही उत्तरे मिळून शंभरांतील सुमारे २७ कुटुंबांत अस्पृश्यता दिसून आली. पहिल्या प्रश्नाला सभ्यतेने नकार देणारे काही जण दुसऱ्यापाशी अडखळले.

संशोधनाचे साहाय्य आम्हांस येथे दिसते. ते प्रश्न सोडवीत नाही. तो कोठे दडला आहे, ते दाखविते आणि ‘आमच्याकडे तसले काही नाही’ ही पळवाट बंद करते. पुढचे काम शासनाचे नव्हे. कामास येणाऱ्या बाईंचा चहाचा कप आमच्या कित्येक घरांत अजून वेगळा ठेवलेला असतो. तो का वेगळा, हे घरातील मुलांनी विचारल्यास आम्ही काय सांगणार आहोत?