जुनी वास्तू, जुनी कशाने?

उज्जैनच्या टावर चौकातून रिक्षा केली की थोड्याच वेळात महाकाल येतं. मंदिराजवळच शिंदेकालीन महाराजवाडा आहे. तिथे वर्षानुवर्षं शाळा भरायची. आता मध्य प्रदेशच्या पर्यटन खात्याने त्याचं हेरिटेज हॉटेल केलं आहे. भिंती त्याच, आतली वस्ती वेगळी.

महाकालाच्या देवळाचं नेमकं उलटं. 1235 च्या सुमारास इल्तुतमिशने ते पाडलं. आजचं देऊळ अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी उभारलं. बांधकाम नवं, तरी भाविकाच्या लेखी देऊळ तेच. मग या दोन्हींत जुनी वास्तू कोणती?

न्यायदर्शनाचे पंडित, म्हणजे नैयायिक, यात भलतेच काटेकोर. कापडातला एक धागा काढला तरी पहिलं कापड संपलं, उरला तो नवा ‘खंडपट’, असं ते सांगतात. या हिशेबाने एक तुळई बदलली की वाडा नवा! ‘मिलिंदपञ्ह’ या बौद्ध ग्रंथातला नागसेन तर त्याहून पुढे जातो: चाक, आस, जू सुटं केलं तर रथ कुठे असतो? रथ हे निव्वळ व्यवहाराचं नाव. देवळांचे विधी सांगणाऱ्या आगमग्रंथांनी मात्र यातून व्यवहारी वाट काढली. जीर्णोद्धाराआधी देवाचं तेज कलशात घेऊन बालालयात, म्हणजे तात्पुरत्या देवळात, ठेवायचं, मग खुशाल गाभारा उतरवायचा.

हॉटेलाचं तेज कुठल्या कलशात काढणार?

मुंबईत काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल पाहावं. रोलँड ऑर्डिशने आखलेला त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतला गेला आणि 1860 च्या दशकात इथे जोडला गेला. 7 जुलै 1896 ला ल्युमिएर बंधूंचे चित्रपट भारतात पहिल्यांदा दाखवले गेले ते इथेच. पुढे हॉटेल बंद पडलं, इमारतीचं नाव एस्प्लनेड मॅन्शन झालं, खोल्यांना पार्टिशनं पडली आणि समोरच्या कोर्टामुळे वकिलांनी तिथे बस्तान बसवलं. 2005 मध्ये काही भाग कोसळला. 2019 मध्ये आयआयटी मुंबईच्या अहवालाने ती पाडायची शिफारस केली; वारसाप्रेमींनी कडाडून विरोध केला.

इथे नैयायिकांचं ऐकलं तर दुरुस्तीच अशक्य, आणि नागसेनाचं ऐकलं तर पाडायलाही हरकत नाही. आगमांची वाट त्यातल्या त्यात बरी: आधी जपायचं काय ते ठरवा. वॉटसनच्या बाबतीत तो सांगाडा जपायला हवा, कारण इमारतीचं वेगळेपण त्यातच आहे; लाकडी पट्ट्या बदलल्या तरी चालेल. महाराजवाड्यात मात्र दगडी भिंती सांभाळून भागत नाही. तिथे शाळा होती हे पाहुण्याला कळेल अशी एखादी खोली, निदान एक फळा, ठेवायला हवा.