रथाचा भार आणि बैलाची सेवा

तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केलेला पालखी सोहळा ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून प्रस्थान ठेवतो, पहिली रात्र देहूतच इनामदार वाड्यात काढून दुसऱ्या मुक्कामाला आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात येतो आणि मग पुण्यामार्गे पंढरीची वाट धरतो. पालखीत तुकोबांच्या पादुका, म्हणजे संतचरणांचे प्रतीक, असतात. त्यांचे वजन अल्प असले तरी त्या ज्या रथातून जातात तो जड असतो, आणि तो बैलजोडी ओढते. वारी हे स्वेच्छेने पत्करलेले व्रत आहे असे मानले, तर ज्याची इच्छा कोणी विचारलीच नाही त्या बैलाच्या श्रमाला सेवा म्हणता येईल काय, हा प्रश्न इथे उभा राहतो.

शास्त्रपरंपरेतील एक उत्तर सरळ आहे. मनुष्यजन्म ही कर्मयोनी, म्हणजे नवे पापपुण्य जोडण्याची अवस्था, आणि पशुजन्म ही भोगयोनी, म्हणजे पूर्वकर्माचे फळ केवळ भोगण्याची अवस्था, असा भेद तिथे केला जातो. त्यानुसार बैल रथ ओढूनही पुण्य मिळवत नाही. हे उत्तर तर्काला धरून असले तरी पुरेसे नाही, कारण श्रम बैलाचे आणि पुण्य केवळ मालकाचे, असा व्यवहार त्यातून निघतो, आणि रथाला आपली जोडी जुंपली जाण्याचा मान मिळावा म्हणून शेतकरी कुटुंबे ज्या मायेने खोंडे वाढवतात तिचा अर्थ या व्यवहारात मावत नाही.

वारकरी परंपरेला तर हे उत्तर मुळीच पेलणारे नाही. ज्ञानदेवांनी पैठणला रेड्यामुखी वेद वदविले असे ती मानते, आणि त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यातील आळे येथे आजही पूजली जाते. जो संप्रदाय पशूच्या ठायी वेदवाणीचा आत्मा पाहतो, त्याला रथापुढचा बैल केवळ साधन आहे असे म्हणता येणार नाही; मग सेवा बैलाची न ठरता त्याच्याकडून ती घेणाऱ्यावर ऋण ठरते, असे मानणे अधिक प्रामाणिक वाटते.

ऋणाची ही जाणीव ग्रंथांपेक्षा आचारात स्पष्ट दिसते. वरवंडहून उंडवडी गवळ्याची येथे जाताना रोटी घाटाची चढण लागते, तेव्हा रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. एकाच्या खांद्यावरचे ओझे अनेकांच्या खांद्यांवर वाटून देण्याची ही रीत सोयीची आहे, पण तिच्यात न्यायही आहे. बेंदूर किंवा पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते, म्हणजे वर्षभर जू वाहिलेल्या बैलाचा खांदा गरम पाण्याने शेकून त्याला तूपहळद चोळतात. ज्याच्याकडे क्षमा मागावी त्याला शब्द कळत नाहीत, म्हणून क्षमा हाताने मागितली जाते, असे या विधीचे तत्त्व सांगता येईल. ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ मध्ये केलेल्या केंद्रीय नियमांनी दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेण्यास मनाई केली. त्यातील करुणा कायद्याच्या भाषेत आहे, पण खांदेमळणीने जे ऋण मान्य केले त्याचीच ती मोजदाद आहे. आकुर्डीत मुक्कामी पोचल्यावर पालखी रथातून उतरवून माणसे ती आपल्या खांद्यावर घेतात. तोच भार माणसाने आपणहून उचललेला असतो, आणि म्हणूनच बैलाच्या खांद्याबद्दल त्याला उत्तरदायी धरता येते.