घसारा वजा जाता

माझा मेहुणा कॅलिफोर्नियात असतो. असतो म्हणजे त्याचं घर तिथं आहे. जीव अजून सोलापुरात, शेंगाच्या चटणीत अडकलेला. दोन-तीन वर्षांतून एकदा येतो, जाताना चार किलो चटणी नेतो आणि येताना माझ्यासाठी अशी एखादी वस्तू आणतो की तिचा उपयोग काय, हे पुढच्या खेपेपर्यंत मला कळत नाही. एकदा त्यानं बाटलीचं बूच काढायचं यंत्र आणलं होतं. आमच्या घरात बुचाची बाटली एकच, एरंडेलाची. आणि ते बूच निघू नये अशीच घरातल्या सगळ्यांची इच्छा असते.

गेल्या खेपेला त्यानं दोन जुनी पोस्टकार्डं आणली. चित्राची.

"दाजी, अँटिक आहेत. शंभर वर्षांच्या वरची. जपून ठेवा."

मी सवयीनं आधी कार्ड उलटं करून तिकीट रद्द झालंय की नाही ते पाहिलं. बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला कुठल्याही कागदाची मागची बाजूच आधी दिसते. मग चित्र पाहिलं. पहिल्या कार्डावर एक पडकं चर्च होतं. छप्पर नाही, अर्धी कमान उभी, भिंतीवर वेल, वर निळं आकाश. ते निळं इतकं निळं की छापणाऱ्याकडे तो रंग उरला असावा.

हे सान हुआन कापिस्त्रानोचं मिशन. स्पॅनिश पाद्र्यांनी १७६९ ते १८२३ या काळात कॅलिफोर्नियात अशी एकवीस ठाणी वसवली. त्यातलं हे दगडी चर्च १८०६ साली बांधून झालं आणि १८१२ च्या डिसेंबरात, सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी, भूकंपानं कोसळलं. आत चाळीसच्या आसपास माणसं मेली. बहुतेक सगळी तिथली मूळची आदिवासी. दगड वाहून हे चर्च उभं करणारेही तेच. म्हणजे नऊ वर्षं खपून बांधलं आणि सहा वर्षांत अंगावर घेतलं.

कार्डाच्या मागं कुणी तरी बारीक इंग्रजीत लिहिलं होतं की हवा छान आहे, संत्री स्वस्त आहेत. पुढं चित्रावर कमानीखाली शाईनं एक फुली मारली होती. म्हणजे 'मी इथं उभा होतो.'

दुसरं कार्ड 'आपल्याकडचं' म्हणून त्याच दुकानातून घेतलेलं. ते जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मठाचं निघालं. मागं पोर्तुगीजमध्ये मजकूर. आमच्या पेठेत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू काहीही वाचून मिळेल, पोर्तुगीज नाही. त्यामुळे ते कार्ड पुस्तकांच्या कपाटात गेलं आणि चार वर्षांचा ब्लॉक संपत आला म्हणून आम्ही एलएफसीवर गोव्याला निघालो, तेव्हा बाहेर आलं. एलएफसी म्हणजे बँकेच्या खर्चानं हौस. ती नाही वापरली तर बुडते, आणि काही बुडू देणं आमच्या धंद्यात बसत नाही.

सौभाग्यवतीला समुद्र बघायचा होता, मुलाला पाण्यातला स्कूटर, आणि मी हातात कार्ड घेऊन 'मोन्ते सांतो'च्या टेकडीवर उभा. भर उन्हात मी चित्र आणि वास्तव टॅली करत होतो. टॅली होईना. कार्डावर दर्शनी भिंत उभी होती, समोर मात्र नुसता आकाशात घुसलेला अर्धा बुरूज. चौकशी केली तेव्हा कळलं. हे चर्च १५९७ ते १६०२ या काळात झालं. १८४२ साली घुमट खाली आला. १९३१ साली दर्शनी भिंत आणि निम्मा बुरूज पडला. उरला तो साधारण सेहेचाळीस मीटर उंचीचा जांभ्या दगडाचा सुळका. म्हणजे माझ्या कार्डावर जेवढं पडकं होतं, तेवढंही आता शिल्लक नव्हतं. पडक्याचीही पडझड होते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा सुचलं. आणि गंमत अशी, की मला हळहळ वाटली ती चर्च पडल्याची नव्हे. आधीचं जास्त देखणं पडकं गेलं, त्याची वाटली.

बी.कॉम.ला आम्हांला घसारा शिकवला होता. वस्तूची किंमत दरवर्षी काही टक्क्यांनी कमी करत न्यायची. पण घटत्या शिलकीवर टक्के काढत गेलं तर ती शून्य कधी होत नाही. कितीही घासा, काही तरी उरतंच. मग शेवटी वहीत एक रुपया ठेवतात. त्या रुपयाला बाजारात कुणी विचारत नाही. तो अशासाठी असतो की ही वस्तू आपल्याकडे होती, हे वहीला विसरता येऊ नये. तो बुरूज मला तसा एक रुपया वाटला. आता एका रुपयासमोर उभं राहून लोक फोटो काढतात, ही गोष्ट वेगळी.

बरं, हा मठ पाडला कुणी? कुणीच नाही. ना तोफ, ना भूकंप. पोर्तुगालच्या सरकारनं १८३४ साली आपल्याच देशातले धर्मसंघ बरखास्त केले आणि तो हुकूम गोव्याला लागू झाल्यावर १८३५ मध्ये मठ रिकामा झाला. थोडक्यात सर्क्युलर आलं. पुढचे सगळे काम पावसानं केलं. छप्पर पडायला शत्रू लागत नाही. शाकारणारा माणूस गेला की पुरतं. त्या हुकुमाच्या दिवशी मठातला कारकून (असणारच कुणी तरी, कारकुनाशिवाय देवाचंही चालत नाही) वह्या बंद करून चाव्या कुणाकडे देऊन गेला असेल, याचा मी तिथं बराच वेळ विचार करत बसलो. तोफेनं पडलेल्या भिंतीला पोवाडा तरी मिळतो.

घंटेचं मात्र बरं झालं. या बुरुजातली घंटा आधी आग्वादच्या दीपस्तंभावर गेली आणि १८७१ मध्ये पणजीच्या चर्चवर चढली. अजून तिथंच आहे. आमच्या भाषेत, तिची सोयीच्या ठिकाणी बदली झाली.

बदलीवरून वसई आठवली. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती घेतली, हे मी शाळेत इतक्यांदा लिहिलंय की झोपेतही साल चुकणार नाही. तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांना दिल्या. एक वाईजवळ मेणवलीला आहे, एक भीमाशंकरला. नाशिकची नारोशंकराची घंटा तर एवढी गाजली, की मोठ्या आवाजाच्या बाईमाणसाला तेच नाव पडलं. या घंटांनी नव्या ठिकाणी कामाला कधी कुरकुर केल्याचं ऐकिवात नाही.

वसईचा किल्ला मी पाहिलाय. आत फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट अशा सगळ्यांच्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत. एका ठिकाणी जमिनीत कबरींचे दगड आहेत, त्यांवर अक्षरं आहेत. छप्पर बहुतेकांना नाही. आणि खरं सांगायचं तर तिथं माझी छाती फुगली होती. गोव्यात हळहळ आणि वसईत अभिमान! दगड तोच, कमान तीच, प्रार्थनाही तीच. मग माझ्या आत हे दोन खाती कोण चालवत होतं?

मी हे आमच्या शाखेतल्या एका वसईच्या सहकाऱ्याला विचारलं. तो ख्रिस्ती आहे. घरी माझ्यापेक्षा जुनी मराठी बोलतो. म्हटलं, तुला तिथं काय वाटतं? तो म्हणाला, "काही नाही. आमचं क्रिकेट तिथंच. भिंतीला लागला की चार." मग जरा थांबून म्हणाला, "आजी मात्र कबरींवरून चालू द्यायची नाही." आणि पासबुक छापायला निघून गेला.

आमच्या सौभाग्यवतीनं हा प्रश्न केव्हाच सोडवलेला आहे. उंच भिंत आणि तिच्यात कोनाडा दिसला की ती हात जोडते. वसईत जोडले, गोव्यातही जोडले. "अहो, एवढ्या लोकांनी इथं काहीतरी मागितलं असेल ना," म्हणाली. "मिळालं का नाही कोण जाणे." मला यावर बोलण्यासारखं काही सापडलं नाही, म्हणून मी नारळपाण्याचा भाव विचारला.

तिथल्या लॉजचे वयस्कर मालक पोर्तुगीज वाचणारे निघाले. त्यांनी चष्मा लावून कार्ड वाचलं. मासळी चांगली मिळते, पण पाठवलेले पैसे अजून पोहोचले नाहीत, असं त्यात कुणी तरी कळवलं होतं. शंभर वर्षांपूर्वीची तक्रार, आणि मला एकदम काउंटरवर बसल्यासारखं वाटलं.

परतीच्या एसटीत मुलगा झोपला, ही झोपली, आणि माझ्या डोक्यात मुदतीचा कायदा फिरायला लागला. १९६३ च्या कायद्यानं साध्या कर्जाच्या वसुलीला तीन वर्षांची मुदत. तीन वर्षं गेली की कर्ज मुदतबाह्य; कोर्ट विचारत नाही. दुःखाला किती वर्षं असतात? कापिस्त्रानोचे चाळीस जण १८१२ मध्ये मेले आणि शंभरेक वर्षांत त्यांच्या छपराखाली फुली मारून संत्र्यांचे भाव कळवता आले. म्हणजे शंभर वर्षं पुरतात? की तेही लागत नाही, मेलेला आपला नसला की पुरतं? माझा आपला एक समज झाला, की पडकं बघून आनंद वाटणं हे काही पाप नाही. पडकं खरंच देखणं दिसतं. छप्पर गेल्यावर ऊन अशा ठिकाणी पडतं जिथं ते पडावं म्हणून कुणी बांधलेलं नसतं. आपलं त्याखाली काही गेलेलं नाही एवढंच त्यातून सिद्ध होतं. या समजावर मी सोलापूर येईपर्यंत खूश होतो.

मग भाच्यानं फोटो दाखवले.

भाचा पुण्याला आर्किटेक्चर शिकतो. त्यांच्या कॉलेजात कसलंसं प्रदर्शन होतं, त्यासाठी त्यानं सोलापूरच्या एका बंद मिलचे फोटो काढले आणि त्यांची कार्डं छापली. अगदी पोस्टकार्डाच्या मापाची, मागं पत्त्याच्या रेघा वगैरे. मी पहिलंच कार्ड हातात घेतलं. करवतीच्या दातांसारखं छपराचं खातं, अर्धे पत्रे गेलेले, आत पिंपळ, मागं चिमणी, आणि संध्याकाळचं ऊन तिरपं आत आलेलं.

मी म्हणालो, "वा!"

शेजारच्या खुर्चीत आमचे अप्पा बसले होते. त्या खात्यात अप्पा साचेवाले होते. मी शाळेत असताना एके दिवशी फाटकावर नोटीस लागली. माझ्या आठवणीत तो दिवस आवाजाचा आहे. सकाळी भोंगा झाला नाही आणि आई दूध तापवायला उशिरा उठली. आमच्या गल्लीतली घड्याळं त्या भोंग्यावर लागायची. त्यानंतर अप्पांनी एका इमारतीवर वॉचमनकी केली आणि आई विड्या वळायला लागली. हजार विड्यांचा हिशेब ती बोटांवर करायची. माझ्या कॉमर्सचा पाया तिथं पडला असं मी गमतीनं म्हणतो. ती हसायची नाही. घंटेला पणजी मिळाली, पण चाळिशीतल्या साचेवाल्याला कोण बदली देतो? येणं असलेली रक्कम किती वर्षांनी आणि किती आली ते मी सांगत नाही. मी बँकेतला माणूस आहे, आकडा पाहून मलाच लाज वाटली होती.

आणि त्या छपरातून येणाऱ्या उन्हाला मी 'वा' म्हणालो होतो.

मी कार्ड खाली ठेवायला गेलो तर अप्पांनी हात पुढं केला. चष्मा कपाळावरून खाली आणला. कार्ड जवळ धरलं, लांब धरलं.

"उलटं छापलंय का बे हे?"

"नाही आजोबा. सरळ आहे."

"मग दार या अंगाला कसं?" मग त्यांचं त्यांनाच उमगलं. "हां. तू मागच्या बाजूनं काढलास. तिकडनं कोण यायचं नाही आमच्यातलं. तिकडं संडास होते."

भाच्याचा चेहरा पडला. त्याला त्या कार्डाला पहिला नंबर मिळाला होता.

अप्पा बराच वेळ बघत होते. कुठला खांब, कुठली खिडकी, डबे कुठं टांगायचे, उन्हाळ्यात धोटा हाताला कसा चटका द्यायचा. पिंपळ त्यांना दिसतच नव्हता. मी आणि भाचा उन्हाकडे बघत होतो आणि ते त्या उन्हातून आरपार पलीकडे काही तरी मोजत होते. साचे मोजत होते, हे ओठांवरून कळलं.

"पेन दे," ते म्हणाले.

मला वाटलं मागं काही लिहायचं असेल. त्यांच्याबरोबरचे एक साचेवाले विजापूरकडे गावी गेलेत, त्यांना कधीमधी पत्र असतं. मी माझ्या खिशातलं बँकेचं पेन दिलं. अप्पांनी कार्ड मांडीवर ठेवलं, चित्राची बाजू वर. भाचा "आजोबा, त्यावर नको, मागं..." म्हणेपर्यंत त्यांनी पिंपळाच्या बुंध्याशी, नीट, दोन रेघांची फुली मारली. पेन चमकत्या कागदावर उमटेना म्हणून पुन्हा एकदा दाबून गिरवली.

मग कार्ड माझ्याकडे देऊन म्हणाले, "आता लिही पत्ता."