जिभेचे काम आता बोट करिते

मूळ वचन : निर्गम २३:१-२.

ह्या वचनांत दोन आज्ञा एकीला लागून एक आल्या आहेत. पहिली खोटी वार्ता पसरविण्याविरुद्ध आहे, व दुसरी पुष्कळ जणांच्या मागे लागून दुष्कर्म करण्याविरुद्ध. पहिलीस आम्ही हलकी समजतो, कारण शब्दाने रक्त निघत नाही अशी आमची समजूत असते. दुसरी जमावाकरिता आहे, आमच्याकरिता नव्हे, असे आम्हांस वाटते. त्या दोहोंचे नाते किती जवळचे आहे, हे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात दिसून आले.

साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे त्या रविवारी आठवड्याचा बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच पुरुष भिक्षेकरिता तेथे आले. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, असा मजकूर त्या दिवसांत मोबाइलवर हातोहात जात होता. जमावाने त्या परक्यांस धरिले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडिले, आणि मारून टाकिले. ते मुले पळविणारे नव्हते. ज्यांनी तो मजकूर पुढे पाठविला, त्यांतील पुष्कळांनी राईनपाडा कधी पाहिलेही नसेल.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या एका चित्रफितीत मोटारसायकलवरील दोघे एका बालकास उचलून नेताना दिसत. ती मूळची कराचीतील एका संस्थेने आईबापांस सावध करण्याकरिता बनविलेली. शेवटी ते दोघे बालकास परत आणून सोडतात व बोधाचा फलक दाखवितात. तेवढाच भाग कोणी कापून टाकिला होता! राईनपाड्याच्याच दिवशी रात्री मालेगावातही जमावाने एका कुटुंबास घेरिले, त्यांत एक लहान मूलही होते. तेथे एका रहिवाशाने त्यांस आपल्या घरात घेतले, व पोलीस येईपर्यंत ती माणसे वाचली.

परंतु वार्ता खरी असली म्हणजे आम्ही मोकळे, असे कोणी समजू नये. मुंबईच्या जोगेश्वरी उपनगरात ८ जानेवारी १९९३ च्या मध्यरात्रीनंतर राधाबाई चाळीतील घरांस बाहेरून कड्या घालून आग लाविली गेली. एक पुरुष व पाच स्त्रिया जळून मेल्या; त्यांत एक अपंग मुलगी होती. हे खरेच घडले होते. तरी ते भडक व वाढवून सांगितले गेले, असा ठपका श्रीकृष्ण आयोगाने वर्तमानपत्रादिकांवर ठेविला आहे. डिसेंबर व जानेवारीच्या त्या दंगलींत नऊशे माणसे मेली, असे त्याच अहवालात आहे. तेव्हा कोणाच्या खिशात मोबाइल नव्हता. आज तो प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि छापखान्याचे काम आमच्या एका बोटाने होते. मेलेल्यांकरिता शोक करणे निराळे, व त्यांची नावे घेऊन दुसऱ्यांच्या घरावर काडी लावणे निराळे.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲप चालविणाऱ्यांनी एक मजकूर एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठविता येऊ नये, असे भारतापुरते बंधन जाहीर केले. यंत्रास लगाम घालणे त्यांनी केले ते ठीकच. मनास लगाम यंत्रवाला घालू शकत नाही. (मंडळीच्या गटात रोज सकाळी फुलांची चित्रे पाठविणाऱ्यांविषयी आमची तक्रार नाही, ती फार तर जागा अडवितात.)

उपदेशक बंधूंस आमचे विशेष सांगणे आहे. तुम्ही पाठविलेले गाव तुमच्या तोंडाकडे पाहून खरे मानिते. यास्तव मजकुरावर दोन बाणांची खूण दिसली, तर तो पुष्कळ हातांतून आला आहे असे ओळखा. तो कोठला, कधीचा, व ज्याने पाठविला त्याने स्वतः पाहिले काय, हे त्यास विचारा. उत्तर न मिळाल्यास तेथेच ठेवा. गावाविषयी भीतीची वार्ता असेल, तर ती गटात न टाकिता पोलीस पाटलांकडे जाऊन विचारा. आणि पाठविलेले खोटे ठरले, तर ज्या ज्या गटात ते गेले त्या त्या गटात, आपल्याच नावाने, त्याच दिवशी तसे लिहा.