विहीर माझी, पाणी कुणाचं?

स्वतःच्या विहिरीतलं पाणी उपसणं ही चोरी ठरू शकते का? अस्तेय व्रताचा खरा कस इथेच लागतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं, पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली १९८९ नंतर, त्याचं उत्तर आचरणातून दिलं. सिंचनासाठी बोअर घ्यायची नाही, उसासारखी तहानलेली पिकं लावायची नाहीत. पावसाळा सरला की पर्जन्यमापकाचे आकडे आणि विहिरींची पातळी पाहून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा. आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं, मग रब्बीचं ठरवायचं. दख्खनच्या कातळात पाणी भेगांतून वाहतं, त्याला सातबारा ठाऊक नसतो. माझ्या खोल बोअरमुळे शेजाऱ्याची विहीर आटत असेल, तर मी त्याच्याच वाट्याचं पाणी घेतो आहे.  

यावर एक वजनदार आक्षेप आहे. याच जिल्ह्यात प्रवरेकाठी १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि उसानं कित्येक संसार सावरले. मग गरिबाला संयम शिकवणारे आपण कोण? भरल्या पोटी केलेला उपदेश फोल, हे मला मान्य आहे. पण हिवरे बाजारात कालवा नव्हता, पाऊसही जेमतेम. आणि तिथला नियम ग्रामसभेनं स्वतःवर घालून घेतला, मोठ्या शेतकऱ्यालाही तो तितकाच लागू झाला. कांदा, भाजीपाला आणि दुधावर उत्पन्न वाढलं, पोटासाठी शहरात गेलेली कुटुंबं परतली.