न दिसलेला प्रकाश

मनुष्य खोटे बोलतो ते भयाने किंवा लोभाने, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु असत्याचा आणखीही एक प्रकार आहे, आणि तो सज्जनांच्या घरी अधिक वावरतो. एखादी सुंदर वस्तू आपल्या दृष्टीस पडावी ही उत्कंठा कधी कधी इतकी अनावर होते, की ती न दिसताही 'दिसली' असे म्हणण्यास जीभ आपोआप वळते. अशा बोलण्याने कोणाचेच काही जात नाही. मग त्यास दोष का द्यावा? हा प्रश्न एका रात्री बालाघाटाच्या कड्यावर आमच्यापुढे प्रत्यक्ष उभा राहिला, म्हणून तो वाचकांपुढे मांडीत आहोत.

सन २०२४ च्या मे महिन्यात, अक्षय्य तृतीयेच्या रात्री, एक प्रचंड सौरवादळ पृथ्वीवर येऊन थडकले. इतके तीव्र वादळ २००३ नंतर झाले नव्हते. सूर्यापासून सुटलेले विद्युत्भारित कण पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात सापडून ध्रुवप्रदेशांकडे वळतात आणि उंच वातावरणातील वायूंवर आदळून त्यांस प्रकाशमान करतात. हाच ध्रुवीय प्रकाश होय. वादळ फार मोठे असले म्हणजे तो ध्रुवप्रदेश सोडून विषुववृत्ताच्या दिशेने सरकतो, व दूरच्या प्रेक्षकास त्याचा केवळ वरचा तांबडा पदर क्षितिजालगत दिसतो. लडाखमधील हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी त्या रात्री अशीच तांबडी आभा टिपली.

ही वार्ता दुसऱ्या दिवशी अंबाजोगाईस पोहोचताच, पुण्याहून सुटीत आलेल्या आमच्या पुतण्याने हट्ट धरला, की आज आपणही पाहायचे. बीड जिल्हा कोठे आणि उत्तर ध्रुव कोठे, असे म्हणून आम्ही त्यास हसणार होतो. पण ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री हा प्रकाश मुंबईस दिसल्याचे वृत्त तेथील वर्तमानपत्रात आले होते, याचे स्मरण झाले. मुंबई आणि बीड ही दोन्ही एकोणिसाव्या अक्षांशाच्या आसपासची गावे. मुंबईस जे घडले ते येथे कधीच घडू नये, असा काही निसर्गाचा नियम नाही. आम्ही निघालो.

मुकुंदराजांच्या समाधीकडील दरीच्या कडेला आम्ही सतरंजी टाकली. चतुर्थीची चंद्रकोर लवकरच मावळली. ईशान्येस परळीकडच्या दिव्यांचा पिवळट उजेड होता. बाकी उत्तर दिशा काळीभोर. तास गेला, दोन तास गेले. मध्यरात्रीच्या सुमारास पुतण्या एकाएकी उठून उभा राहिला व ओरडला, "काका, ते बघा! लाल!" खरोखरच क्षितिजाशी मंद तांबूस झाक होती. त्याने मोबाइलवर छायाचित्र घेतले. त्यात ती झाक डोळ्यांना दिसत होती त्याहून कितीतरी गडद उमटली. आमचेही हृदय धडधडू लागले. इतक्यात पाणी देऊन परतणारा एक शेतकरी बॅटरी घेऊन तेथून चालला होता. तो थांबून म्हणाला, "काय बघायलात? तो जाळ हाय. खालच्या रानात धसकटं पेटवलीत."

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या भल्या माणसाने सत्य सांगितले, आणि क्षणभर आम्हांस त्याचा राग आला.

पुतण्या हळूच म्हणाला, "काका, फोटो तर छान आलाय. 'दिसला' म्हणून मित्रांना पाठवला तर कोणाचं काय बिघडतं?" आम्हांस लगेच उत्तर देता आले नाही. वराहमिहिराने बृहत्संहितेत दिग्दाहास, म्हणजे दिशा पेटल्यासारख्या दिसण्यास, एक स्वतंत्र अध्याय दिला आहे. त्या काळी लोक आकाशाच्या तांबडेपणात अनिष्टाची चाहूल पाहत. आमच्या मनात भयाच्या जागी उत्कंठा होती, एवढाच भेद. दोन्ही डोळ्यांवर रंग चढवितात.

विचारान्ती जे सुचले ते असे. १८७२ चे वृत्त आम्ही खरे मानले ते कशाच्या बळावर? कोणा अपरिचिताच्या शब्दावर. त्याच शब्दाने आम्हांस दीडशे वर्षांनंतर घराबाहेर काढले. साक्ष ही समाजाची सामाईक ठेव आहे. तीत एक खोटे नाणे पडले, तरी पुढच्यास प्रत्येक नाणे वाजवून घ्यावे लागते. दुसरे असे, की 'दिसला' म्हणणाऱ्याचे पाहणे तेथेच संपते. ज्यास दिसला नाही तो पुन्हा उत्तरेकडे तोंड करून बसेल.

आणि ज्यांस काहीच दिसले नाही त्यांचे श्रम व्यर्थ जातात, असेही नाही. २ सप्टेंबर १८५९ रोजी, ज्ञात इतिहासातील सर्वांत मोठ्या सौरवादळांपैकी एकाच्या वेळी, मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील चुंबकसूचीने विलक्षण हिसका घेतला. तेव्हा मुंबईस दिवस होता. आकाशात पाहण्यासारखे काही असणेच शक्य नव्हते. तेथील मंडळी नेहमी तासातासाने, आणि गडबड वाढली की पाच-पाच, पंधरा-पंधरा मिनिटांनी आकडे वाचून लिहीत. क्षेत्राच्या आडव्या घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट झाली. असा आकडा अशक्य म्हणून त्यांनी तो गाळला नाही. पुढे २००३ मध्ये संशोधकांनी त्याच नोंदींवरून त्या वादळाचा जोर अजमावला. लिहिणाऱ्यांस या फळाची कल्पना कोठून असणार? दिसले तेवढेच लिहिणे एवढेच त्यांच्या हाती होते, आणि तेवढे त्यांनी केले.

हे आम्ही पुतण्यास त्या कड्यावरच सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. आम्ही पहाटे दोनपर्यंत थांबलो. जाळ विझला व उत्तर पुन्हा काळी झाली. घरी आल्यावर त्याने आपल्या वहीत लिहिले : '११ मे २०२४. अंबाजोगाई. रात्री १० ते २. आकाश निरभ्र. प्रकाश दिसला नाही. मध्यरात्री उत्तरेस शेतातला जाळ.' छायाचित्र त्याने ठेवले आहे; पण त्याखालीही 'जाळ' असेच लिहिले आहे. ती वही आम्हांस कोणत्याही सुंदर चित्राहून अधिक मोलाची वाटते.