बाळंतिणीचे चाळीस दिवस

दिव्य कुरआनात प्रसूतीच्या वेदनांचे जे एक सविस्तर चित्र आले आहे, ते हजरत मरियम (अ.स.) यांचे आहे. सूरह मरियममध्ये (19:23-26) त्या वेदनांनी व्याकूळ होऊन खजुरीच्या बुंध्याशी येतात आणि म्हणतात की, याआधीच मला मरण आले असते आणि माझी आठवणही कोणाला राहिली नसती तर बरे झाले असते. हे उद्गार एका सामान्य, ईमानात कच्च्या स्त्रीचे नाहीत. जिला अल्लाहने जगातील स्त्रियांमधून निवडले, त्या पवित्र स्त्रीचे आहेत. अल्लाहने हे उद्गार लपविले नाहीत. कयामतपर्यंत पठण होणाऱ्या ग्रंथात ते जतन केले.

बंधू-भगिनींनो, आता या उद्गारांना मिळालेले उत्तर पाहा. ‘असे बोलू नये’, ‘सबर कर’, ‘तुझ्या आधी इतक्या बायका बाळंत झाल्या’ असे एक अक्षरही तेथे नाही. खालून आवाज येतो की दुःख करू नकोस, तुझ्या पायाशी झरा वाहता केला आहे, बुंधा हलव म्हणजे ताजा पिकलेला खजूर पडेल, खा, पी आणि डोळे शांत कर. एखादा माणूस भेटलाच तर त्याला सांग की मी मौनाचे व्रत घेतले आहे, आज कोणाशी बोलणार नाही. म्हणजे पाणी, अन्न, दिलासा आणि लोकांच्या प्रश्नांपासून सुटका. नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीला तिच्या पालनकर्त्याने दिल्या त्या या चार गोष्टी. उपदेश त्यांत नव्हता.

माझ्या घरी सध्या पाच आठवड्यांची लेक आहे. या पाच आठवड्यांत ही आयत मला जितक्या वेळा आठवली, तितकी आधी कधी आठवली नव्हती. कारण आपल्या घरांत या चारपैकी पहिल्या दोन गोष्टींची चोख व्यवस्था असते. डिंकाचे लाडू येतात, अळिवाची खीर येते, शेक-शेगडी होते, अंग चोळायला बाई लावली जाते. ही आपल्या आई-आज्यांची मोठी देणगी आहे आणि तिची कदर केली पाहिजे. पण उरलेल्या दोन गोष्टी, म्हणजे दिलासा आणि प्रश्नांपासून सुटका, यांचे काय? भेटायला येणारा प्रत्येक जण बाळंतिणीची परीक्षा घेऊनच उठतो. दूध पुरते का, बाळ बारीक का, टाके का पडले, रंग कोणावर गेला. आणि मुलगी असेल तर एक उसासा, त्यापाठोपाठ ‘असू दे, पुढच्या वेळी इन्शाअल्लाह’.

या ‘असू दे’वर थोडे थांबावे लागेल. आपल्या महाराष्ट्रात मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की जिलेबी किंवा बर्फी वाटण्याची पद्धत आहे. मिठाईचा डबा उघडायच्या आधीच शेजाऱ्याला कळते की आनंद किती मापाने करायचा. यात आपण इतरांहून निराळे नाही, ही खेदाची बाब आहे, कारण आपल्याजवळ सूरह नहल आहे. मुलगी झाल्याची बातमी ऐकताच ज्याचा चेहरा काळवंडतो आणि जो लोकांपासून तोंड लपवीत फिरतो, त्याचे वर्णन तेथे (16:58-59) अज्ञानकाळातील माणसाचे म्हणून आले आहे. सूरह शूरामध्ये (42:49) अल्लाह ज्याला इच्छितो त्याला मुली देतो आणि ज्याला इच्छितो त्याला मुलगे, असे सांगताना मुलींचा उल्लेख आधी आहे. दोन्ही ठिकाणी शब्द देणगीचा आहे. देणगी देणाऱ्याच्या दारात उभे राहून कोणी ‘असू दे’ म्हणत नाही.

हजरत मरियम यांच्या मातेचा प्रसंग तर अधिकच बोलका आहे. इमरान यांच्या पत्नीने पोटातील बाळ अल्लाहच्या सेवेला वाहण्याचा नवस केला होता. मुलगी झाली, तेव्हा त्यांनी आपले आश्चर्य अल्लाहसमोरच मांडले, शेजारणींसमोर नव्हे. लगेच मुलीचे नाव ठेवले आणि तिला व तिच्या संततीला शैतानापासून अल्लाहच्या आश्रयात सोपविले. पुढे आयत सांगते की पालनकर्त्याने त्या मुलीचा उत्तम रीतीने स्वीकार केला (3:35-37). जिच्या जन्माने आई क्षणभर चकित झाली, तीच मुलगी पुढे खजुरीच्या झाडाखाली हजरत ईसा (अ.स.) यांची आई झाली.

आता ज्या विषयावर आपल्या घरांत बोललेच जात नाही, त्याकडे वळतो. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत अनेक स्त्रियांना कारण नसताना रडू येते, मन भरून येते, चिडचिड होते. शरीरात अचानक झालेले बदल, रक्तस्राव, रात्रीचे जागरण यांमुळे हे घडते आणि बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. काही जणींचे मात्र ओसरत नाही. झोप लागत नाही, बाळाविषयी काही वाटेनासे होते, जगणे नकोसे होते. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना दाखवावे. जवळ कोणी नसेल तर शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक आहे. पण आपल्याकडे काय होते? कोणी म्हणते सावली पडली, कोणी म्हणते नखरे, आणि कोणी, हे सर्वांत क्लेशदायक, म्हणते की हिचे ईमान कमजोर आहे. ‘मला मरण आले असते तर’ हे शब्द ज्यांच्या तोंडून निघाले त्या मरियम (अ.स.) यांचे ईमान कमजोर होते काय? हजरत मूसा (अ.स.) यांच्या मातेविषयी कुरआन म्हणतो की बाळाला नदीत सोडल्यावर त्यांचे हृदय रिकामे झाले. अल्लाहने ते बांधून ठेवले नसते तर गुपित त्यांच्या तोंडून निघून गेले असते (28:10). मग बाळाने दुसऱ्या कोणत्याही दाईचे दूध घेतले नाही आणि ते पुन्हा आईच्या कुशीत आले. का? आयतीत कारण दिले आहे: तिचे डोळे थंड व्हावेत आणि तिने दुःखी राहू नये म्हणून. एका बादशाहीचा पाया हलविणारी योजना चालू असताना अल्लाहने एका बाळंतिणीच्या मनाची दखल घेतली.

पतीचे स्थान येथे काय आहे? पहिले बाळंतपण माहेरी, या रिवाजामुळे आपल्याकडील बाप पहिले चाळीस दिवस पाहुण्यासारखा येतो आणि पाहुण्यासारखा जातो. येताना पिशवीभर फळे आणली की त्याचे कर्तव्य संपले, असे त्यालाही वाटते आणि सासरच्यांनाही. सूरह बकराच्या 233व्या आयतीत मात्र दूध पाजणाऱ्या मातेच्या अन्नवस्त्राचा भार रीतीप्रमाणे पित्यावर टाकलेला आहे. तो तिच्या माहेरच्यांवर नाही. त्याच आयतीत सांगितले आहे की बाळाच्या कारणाने ना आईला त्रास दिला जावा, ना बापाला. दूध सोडवायचे तर दोघांच्या परस्पर संमतीने आणि विचारविनिमयाने सोडवावे. बाळाच्या दुधासारख्या गोष्टीतही पती-पत्नीने सल्लामसलत करावी, ही शिकवण ज्या धर्माने दिली, त्याच्या अनुयायांच्या घरी ‘बायकांच्या गोष्टीत पुरुषांनी पडू नये’ ही म्हण कोठून शिरली, हे शोधले पाहिजे.

पैगंबर मुहम्मद (स.) घरात काय करीत, असे विचारले असता हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजसाठी निघत. हे बुखारीत आहे. पैगंबरांचे सुपुत्र इब्राहीम यांना मदीनेच्या वरच्या वस्तीत एका लोहाराच्या घरी दूध पाजण्यासाठी ठेवले होते. तेथे भट्टीचा धूर भरलेला असे. पैगंबर (स.) चालत तेथे जात, त्या धुरात शिरून बाळाला उचलून घेत, त्याचा मुका घेत, त्याचा वास घेत आणि परत येत. ज्यांच्या खांद्यावर संपूर्ण उम्मतचा भार होता त्यांना यासाठी वेळ होता. एकदा हजरत अनस (रजि.) आपल्या नवजात भावाला घेऊन आले, तेव्हा पैगंबर (स.) उंटाला डांबर लावीत होते. हातातले काम थांबवून त्यांनी खजूर मागितला, तो चावून मऊ केला आणि बाळाच्या तोंडात लावला. बाळ जीभ फिरवून चाखू लागले, तेव्हा अन्सारांना खजूर किती प्रिय असतो, असे कौतुकाने म्हणाले. त्या बाळाचे नाव त्यांनी अब्दुल्लाह ठेवले.

या तहनीकची सुन्नत पाळताना एक काळजी घ्यावी. खजुराचा अगदी अल्प अंश स्वच्छ बोटाने टाळूला लावावा. त्याऐवजी मध चाटविण्याची पद्धत अनेक घरांत आहे. एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये, असे डॉक्टर बजावतात, कारण त्यातून बाळाच्या आतड्यात विष तयार करणारे जंतू जाऊ शकतात. बाळंतिणीचा चीक, म्हणजे पहिले पिवळसर घट्ट दूध, काढून टाकणे हीदेखील मोठी हानी आहे. पुढे सहा महिने आईचे दूध पुरेसे असते. घुट्टी नको, पाणीही नको.

नजर लागू नये म्हणून काळा दोरा, गालावर काजळाचा ठिपका, उशाखाली सुरी हे सारे आपल्या घरांत सर्रास दिसते. पैगंबर (स.) हजरत हसन आणि हजरत हुसैन (रजि.) यांच्यासाठी अल्लाहच्या परिपूर्ण वचनांचा आश्रय मागत आणि सांगत की हजरत इब्राहीम (अ.स.) हेच शब्द इस्माईल व इस्हाक (अ.स.) यांच्यासाठी म्हणत. हे शब्द पाठ करायला पाच मिनिटे लागतात. सुरी झोपलेल्या बाळाजवळ ठेवण्याची वस्तू नव्हे, एवढे तरी समजावे.

अकीक्याविषयी थोडक्यात. सातव्या दिवशी अकीका, मुंडण आणि नामकरण, असे हदीसमध्ये आले आहे. ऐपत असेल त्याने करावा. कर्ज काढून हॉल घेणे आणि शंभर पाने उठविणे हा अकीका नाही. आणि अकीक्याच्या दिवशी बाळंतीण सहा तास भरजरी कपड्यांत बसवून ठेवली जात असेल, तर यजमानाने पुन्हा एकदा सूरह मरियम वाचावी.

रात्री बाळ रडते तेव्हा शेजारच्या खोलीतून ‘गप्प कर त्याला’ असा आवाज येतो. पैगंबर (स.) सांगत की मी नमाज लांबविण्याच्या इराद्याने उभा राहतो, पण बाळाचे रडणे कानी पडताच ती आटोपती घेतो, कारण त्याच्या आईच्या जिवाची होणारी घालमेल मला ठाऊक आहे. मस्जिदीत, जमातीत, इमामतीच्या जागी उभे असताना त्यांनी बाळाला गप्प करण्यास सांगितले नाही, आईलाही बाहेर जाण्यास सांगितले नाही.

शेवटी एका गैरसमजाविषयी लिहिणे अगत्याचे आहे. चिल्ला पूर्ण होईपर्यंत नमाज नाही, असे बहुतेक स्त्रिया धरून चालतात. चाळीस दिवस ही हनफी मतानुसार निफासची कमाल मर्यादा आहे. आपल्या कोकणातील शाफई बांधवांच्या मतानुसार ती साठ दिवस आहे. किमान मर्यादा मात्र कोणतीही नाही. रक्तस्राव विसाव्या दिवशी पूर्णपणे थांबला, तर त्या दिवशी गुस्ल करून स्त्रीने नमाज सुरू करावी. निफासच्या काळातील नमाज तिला माफ आहेत, त्यांची कजा नाही. रोजे सुटले असतील तर ते मात्र नंतर पूर्ण करायचे आहेत. ती नमाजला उभी राहील तेव्हा बाळ रडणारच. तेवढ्या वेळासाठी त्याला उचलून घ्यायला घरातील बापाचे, सासूबाईंचे किंवा नणंदेचे दोन हात मोकळे असावेत. ते नसतील तर बाळाला कडेवर घेऊनही नमाज होते. पैगंबर (स.) आपल्या नातीला, उमामाला, खांद्यावर घेऊन नमाज पढत. सजद्यात जाताना तिला खाली ठेवीत आणि उठताना पुन्हा उचलून घेत.